जुन्या लढाऊ विमानांचे सुटे भाग: ओळख, साफसफाई आणि जतन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा हवाई दलातून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या माळ्यावर विमानाचा तुकडा सापडला की आमच्यासारख्यांना फोन येतो: "हे कशाचं आहे हो?" त्यामागोमाग बहुतेक वेळा ऐकू येतं, "घासून चकचकीत करून ठेवलंय." हे ऐकलं की जीव कळवळतो, कारण जे घासून गेलं तेच वाचायचं होतं. म्हणून ही प्रश्नोत्तरं. त्यांचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी ओळख पटवा, मग फडकं हातात घ्या.

भाग हातात आला. सगळ्यात आधी काय करू?

फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून, मळासकट. मग खोली अंधारी करून टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवी धरा. समोरून न दिसणारे ठोकलेले आकडे अशा तिरप्या उजेडात सावली टाकतात आणि वाचता येतात. रंगाखाली दबलेले आकडेही पुष्कळदा असेच सापडतात.

त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा: कुणाकडून मिळाला, कुठे मिळाला, विकणारा काय म्हणाला. "नाशिकहून आलेल्या लॉटमध्ये होता" एवढं अर्धवट वाक्यसुद्धा पुढे उपयोगी पडतं. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नका. तपासनिसाचे शिक्के अनेकदा शाईचे असतात. थिनरच्या एका हातात ते कायमचे जातात, आणि काही भागांवर ओळखीची तेवढी एकच खूण असते.

भागावर चार-पाच वेगवेगळे आकडे आहेत. कुठला कशाचा?

पार्ट नंबर म्हणजे कंपनीच्या ड्रॉइंगचा नंबर. एकाच घडणीच्या सगळ्या भागांवर तो सारखाच असतो. सिरियल नंबर त्या एका नगाचा. तपासनिसाचा शिक्का छोटासा, गोल किंवा चौकोनी चौकटीतला असतो आणि त्यात कारखान्याची खूण व तपासणाऱ्याचा क्रमांक येतो. ओतीव भागावर उठावाचा आकडा दिसतो तो साच्याचा. तयार भागाचा पार्ट नंबर त्याहून वेगळा असू शकतो, त्यामुळे नुसत्या उठावाच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. ब्रिटिश उपकरणांच्या प्लेटवर १, २, ३, ४ अशी रांग असून त्यातले काही आकडे ठोकून खोडलेले असतील, तर त्या उपकरणावर केलेल्या सुधारणांची ती नोंद आहे. हौशी मंडळी नेमकी तीच खोडखाड घासून काढतात.

ब्रिटिश भागावर "६ए/" किंवा "५सी/" लिहिलंय. हा विमानाचा प्रकार आहे का?

नाही. हा कोठाराचा, म्हणजे स्टोअर्सचा संदर्भ क्रमांक आहे. ५सी म्हणजे विजेचं सामान: स्विच, दिवे, जोडण्या. ६ए म्हणजे विमानातली मीटर. ६बी मध्ये दिशादर्शनाची साधनं आणि घड्याळं येतात. १०डी रेडिओसाठी, २२सी वैमानिकाच्या कपड्यांसाठी. त्यामुळे ५सी लिहिलेला बॅकेलाइटचा (जुन्या कडक प्लॅस्टिकचा) स्विच स्पिटफायर या लढाऊ विमानात असू शकतो, लँकेस्टर या बाँबफेकी विमानात असू शकतो आणि टायगर मॉथ या शिकाऊ विमानातसुद्धा. विकणारा "स्पिटफायरचा स्विच" म्हणत असेल तर फार तर "स्पिटफायरमध्येही वापरला जाणारा स्विच" असं समजा, आणि किंमत त्या हिशेबाने द्या.

मग स्पिटफायरचा भाग ओळखायचा कसा?

स्पिटफायर बनवणारी सुपरमरीन कंपनी पार्ट नंबरच्या सुरुवातीला आपला टाइप नंबर लावायची. खालचे मार्क म्हणजे विमानाच्या एकामागून एक आलेल्या आवृत्त्या. ३०० म्हणजे मार्क १, ३२९ म्हणजे मार्क २, ३४९ मार्क ५, ३६१ मार्क ९, ३७९ मार्क १४, ३९४ मार्क १८. जोडीला "६एस" हा सुपरमरीनचा शिक्का किंवा "सीबीएएफ" हा कॅसल ब्रॉमविच कारखान्याचा शिक्का मिळाला तर ओळख पक्की धरायला हरकत नाही.

मात्र इथे एक खाच आहे. हा आकडा तो भाग *पहिल्यांदा* कुठल्या प्रकारासाठी आखला गेला ते सांगतो. शेवटी कुठल्या विमानात बसला ते सांगत नाही. मार्क १ साठी आखलेला कंस (ब्रॅकेट) पुढच्या मार्कमध्ये बदलावा लागला नाही, तर तो ३०० या आकड्यानिशीच मार्क ९ मध्ये बसायचा. म्हणून ३०० दिसलं की "१९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनचं विमान!" म्हणून उड्या मारू नका. याच्या उलट ३७९ ने सुरू होणारा भाग मार्क १४ च्या आधीचा असणं अवघड.

अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीचीही हीच रीत. तिच्या मस्टँग (पी-५१) या लढाऊ विमानाच्या भागांवर ७३, ९९, १०२, १०९ असे आकडे सुरुवातीला येतात. ७३ पहिल्या मस्टँगचा, १०२ पी-५१बी चा, १०९ पी-५१डी चा. तिच्याच हार्वर्ड या शिकाऊ विमानावर ६६, ७७, ८८ दिसतात. आपल्याकडच्या हौशी माणसाला हार्वर्डच भेटण्याचा संभव जास्त, कारण भारतीय हवाई दलात कित्येक वर्षं वैमानिक त्यावर शिकले. कर्टिस या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या भागावरचे ७५ आणि ८७ म्हणजे अनुक्रमे हॉक ७५ आणि पी-४० चं घराणं.

शिक्क्यात मुकुट आहे. त्यावरून काळ कळतो का?

कळतो, आणि छान कळतो. "एएम" या अक्षरांवर मुकुट म्हणजे ब्रिटनचं एअर मिनिस्ट्री. १९६४ मध्ये ते खातं संरक्षण मंत्रालयात विलीन झालं. मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या असतील तर तो राजाच्या काळातला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर एलिझाबेथ राणीच्या काळातला, म्हणजे साधारण १९५३ नंतरचा. भिंग घ्या, शिक्का तांदळाच्या दाण्याएवढा असतो.

बाणाच्या टोकासारखी खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. ती सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाची, दोन डीं च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाची.

साठच्या दशकापासून पुढच्या मालावर तेरा आकडी नाटो क्रमांक दिसतो. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात: ६६१० म्हणजे उड्डाणाची मीटर, ६६४५ म्हणजे घड्याळं. पुढचे दोन देश सांगतात: ९९ ब्रिटन, ०० किंवा ०१ अमेरिका, १४ फ्रान्स, २१ कॅनडा. "६६१०-९९" अशी सुरुवात असेल तर तुमच्या हातात ब्रिटनने नोंदवलेलं उड्डाणाचं मीटर आहे.

अमेरिकन भागावर "एएन" लिहिलंय.

आर्मी-नेव्ही प्रमाणित वस्तू. बोल्ट, नट, पाइपचे जोड, वॉशर. हजारो विमानांत सारखेच. ब्रिटिशांकडे हेच काम "एजीएस" करतं. या आकड्यांवरून विमान ओळखता येत नाही. देश तेवढा कळतो. बोल्टच्या डोक्यावर फुली असेल तर पोलाद, दोन आडव्या रेघा असतील तर अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, एकच रेघ असेल तर न गंजणारं पोलाद.

पत्र्याच्या आतल्या बाजूला, जिथे रंग पोचलेला नाही तिथे, "अल्क्लॅड २४ एस-टी" अशी शाईची ओळ सापडली तर ती जिवापाड जपा. पत्र्याचा मिश्रधातू सांगणारी, गिरणीतून पत्रा निघताना छापलेली ती ओळ आहे, आणि साबणाच्या पाण्यानेही ती फिकी होऊ शकते.

एकही नंबर नाही. आता?

आटे मोजा. हौशी मंडळी सर्वात कमी वापरतात ती ही युक्ती, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची.

पाव इंची बोल्ट घ्या. थ्रेड गेज (आटे मोजायच्या दातेरी पात्यांचा संच) लावल्यावर इंचाला २६ आटे बसले तर तो ब्रिटिश मापाचा, म्हणजे बीएसएफ आट्याचा. २८ बसले तर अमेरिकन मापाचा, म्हणजे यूएनएफ आट्याचा. ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आणि मेट्रिकचा ६० अंश. मेट्रिक निघाला तर रशियन किंवा फ्रेंच घराण्याकडे वळा. उपकरणांतले बारीक स्क्रू ब्रिटिश असतील तर बहुधा "बीए" आट्याचे, त्यांचा कोन ४७.५ अंश.

नुसत्या गेजवर मात्र विसंबू नका, व्यास मोजायला व्हर्नियरही लावा. ६ मिमी मेट्रिक बोल्टचा आटा १ मिमीचा, म्हणजे इंचाला जवळपास साडेपंचवीस, आणि तो २६ च्या पातीत बसल्यासारखा वाटतो. फरक व्यासात दिसतो: ६ विरुद्ध ६.३५. तसंच २बीए चा आटा ०.८१ मिमी आणि ५ मिमी मेट्रिकचा ०.८. अंतर केसाएवढंसुद्धा नाही, पण व्यास ४.७ आणि ५. हे न मोजता हार्डवेअरच्या दुकानातला नट चढवला की ऐंशी वर्षं टिकलेला आटा एका पिळात मरतो.

मिग-२१ चे भाग कसे ओळखायचे? नाशिकचा आणि रशियाचा फरक कळतो का?

महाराष्ट्रातून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि साहजिकच आहे. १९६३ मध्ये मिग-२१ हवाई दलात आलं. १९६४ पासून ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएलचा) नाशिक कारखाना उभा राहिला. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला गेला. एवढ्या वर्षांत सहाशेहून अधिक मिग-२१ भारतात बनली. ओझर, पिंपळगाव, नाशिक भागातल्या किती घरांची चूल त्यावर पेटली असेल!

विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. त्यामुळे इंजिनाचा भाग दाखवून "नाशिकला बनलाय" असं कुणी सांगत असेल तर थोडं थांबा. कारखान्याच्या भाषेत मिग-२१ ची एफएल ही आवृत्ती म्हणजे टाइप ७७ आणि बिस ही आवृत्ती म्हणजे टाइप ७५. जुन्या कामगारांशी बोलताना "सत्त्याहत्तर" आणि "पंच्याहत्तर" असेच उल्लेख ऐकू येतील. परवान्याखाली बनवलेल्या भागाचा ड्रॉइंग नंबर मूळ देशाच्या पद्धतीचा राहतो, तपासणीचा शिक्का मात्र इथला असतो. म्हणून नंबरपेक्षा शिक्का बघा. एचएएलने बनवलेल्या व्हॅम्पायर आणि नॅट या लढाऊ विमानांनाही हाच नियम लावा.

कॉकपिटच्या आतला निळसर हिरवा, मोरपिशाकडे झुकणारा रंग ही सोव्हिएत विमानांची ठळक खूण आहे. ब्रिटिश कॉकपिट करडट हिरवं, अमेरिकन पिवळट हिरवं. सोव्हिएत विमानातलं एसीएचएस-१ हे घड्याळ बाजारात खूप दिसतं: मोठ्या तबकडीत वर आणि खाली दोन छोट्या तबकड्या, एक उड्डाणाची वेळ मोजणारी आणि दुसरी स्टॉपवॉचची. पण ते घड्याळ इतरही अनेक सोव्हिएत विमानांत असायचं. नुसत्या घड्याळावरून मिग ठरत नाही.

रंगाचे थर कसे वाचायचे?

नजरेआड राहील अशी जागा निवडा. आधी पुढे "आणखी कशापासून जपायचं?" या प्रश्नात पिवळ्या प्राइमरबद्दल लिहिलंय ते वाचा, मास्क आणि हातमोजे चढवा. आठशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत गोल फिरवत हलकेच घासा. मध्ये जास्त, कडेला कमी. मग हजार, मग पंधराशे. मधोमध धातू उघडा पडतो आणि भोवती एकेका थराची कडी उमटते. बाहेरच्या कडीपासून आत जाताना आधी अगदी अलीकडचा राखाडी, मग चंदेरी, मग एखादी छद्मरंगाची हिरवी किंवा मातकट कडी, मग प्राइमर, असा विमानाचा सगळा संसार त्या वर्तुळात उलगडतो. फोटो दिवसाउजेडी काढा. ट्यूबलाइटखाली हिरवा रंग फसवतो.

वरचा रंग हा ओळखीचा पुरावा मानू नका. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातलं "परशुराम" हे डकोटा मालवाहू विमान २०१८ मध्ये ब्रिटनहून दुरुस्त होऊन आलं. त्याच्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक १९४७ मध्ये श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाच्या स्मरणार्थ रंगवला आहे. हे विमान मूळचं दुसऱ्या क्रमांकाचं. तिथे ते सन्मानाने आणि उघडपणे केलं आहे. बाजारात तसं असेलच असं नाही.

मीटरचे आकडे अंधारात चमकत नाहीत. म्हणजे रेडियम संपलं ना?

नाही. कृपा करून हे उत्तर दोनदा वाचा.

दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्याही बऱ्याच मीटरांच्या काट्यांवर व आकड्यांवर रेडियमचा रंग असे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. चमकायचं काम त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड करतं आणि किरणांच्या माऱ्याने ते काही दशकांत निकामी होतं. चमक गेली तरी रेडियम जवळपास आहे तेवढंच शिल्लक राहतं. आकडे बिस्किटासारखे तपकिरी पडले असतील किंवा काट्याखाली तबकडीवर करपल्यासारखी सावली असेल, तर रेडियम आहे असंच धरून चाला. अतिनील टॉर्चने चमकलं नाही म्हणजे निर्धोक, असंही नाही. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) लावणं हाच खरा उपाय.

काच शाबूत असलेलं एखादं मीटर कपाटात असलं म्हणून घाबरून जायला नको. खरा धोका मीटर उघडण्यात आहे. जुना रंग भुग्यासारखा गळतो. तो श्वासातून किंवा बोटांवरून तोंडात गेला की रेडियम कॅल्शियमसारखं वागून हाडात जाऊन बसतं. अमेरिकेत १९२० च्या सुमाराला तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांत धरून टोकदार करायच्या. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येकजणी गेल्या. त्यामुळे मीटर उघडू नका, रंग खरवडू नका, फुंकर मारू नका. काच फुटलेली असेल तर हातमोजे घालून दोन झिप पिशव्यांत बंद करा, वर "रेडियम" लिहा आणि हात धुवा. मुलांच्या खोलीत किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका. बरीच मीटर एका बंद पेटीत साठवू नका, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघतो. किरणोत्सारी वस्तूंबाबतचे नियम आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. फुटक्या मीटरचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

आणखी कशापासून जपायचं?

इजेक्शन सीटपासून, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीपासून, सर्वात जास्त. सीट कितीही जुनी असो, तिच्यातली काडतुसं काढल्याचा पुरावा हाती येईपर्यंत एकही दांडा, पिन किंवा हँडल हलवू नका. कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडवून देणाऱ्या यंत्रणेतही स्फोटक असतं. संशय आला तर लांब व्हा आणि ११२ वर फोन करा. पोलिसांना बोलवायला संकोच वाटू देऊ नका.

चाकं खोलण्याआधी हवा पूर्ण सोडा. दोन अर्ध्यांचं चाक भरल्या टायरनिशी खोललं तर तोफेगत उडतं. विमानाच्या चाकाच्या पायातल्या शॉक अॅब्झॉर्बरमध्ये दाबाखालचा वायू असतो. ऑक्सिजनच्या कुठल्याही भागाला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, आग लागते.

पिवळा किंवा पिवळट हिरवा प्राइमर झिंक क्रोमेटचा असतो आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडा घासूच नका. मास्क चांगल्या प्रतीचा हवा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. मंद सोनेरी झाक असलेले बोल्ट कॅडमियमचा मुलामा दिलेले असतात. त्यांना ग्राइंडर आणि गॅसची ज्योत वर्ज्य. इंजिनाजवळच्या जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं.

अॅल्युमिनियमचा पत्रा पांढरा पडलाय, फोड आलेत. कसा साफ करू?

आधी फोडांचा प्रकार बघा. पांढरी पूड वरवर असेल तर ती थांबवता येते. पण कडेने पत्रा पुस्तकाच्या पानांसारखा सुटत असेल तर गंज धातूच्या दाण्यांच्या मधून आत शिरला आहे. असा तुकडा घासून बरा होत नाही. त्याला आहे तसा कोरडा ठेवून आधार द्यायचा.

वरवरचा असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. घट्ट मळाला बांबूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. त्याने न निघणाऱ्या पांढऱ्या पुडीला नायलॉनचं पॅड, हलक्या हाताने. स्टीलवूल किंवा तारेचा ब्रश कधीही नको: लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि दमट हवेत तिथूनच नवा गंज सुरू होतो. वाळूचा मारा तर नकोच. विमानाच्या पत्र्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा केसाएवढा पातळ थर असतो, तोच त्याचं चिलखत. वाळू तो थर उडवते, ठोकलेले आकडे बुजवते आणि भेगा झाकून टाकते. आरशासारखं पॉलिश करणाऱ्यांचाही तोच दोष: प्रत्येक वेळी थोडं थोडं चिलखत उतरतं.

धुतल्यावर पूर्ण वाळवा. रिबिटांच्या ओळीखाली पाणी दिवसेंदिवस राहतं, म्हणून पंख्याखाली दोन दिवस ठेवा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. हे मेण पुढे कुणालाही काढता येतं आणि म्हणूनच ते लाखेपेक्षा बरं.

बाकीच्या पदार्थांचं काय?

मॅग्नेशियम: चाकं, गिअरबॉक्सची घरं. अॅल्युमिनियमपेक्षा हलकं. कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकल्यावर फसफसलं तर मॅग्नेशियम. लगेच पुसा, पाण्याने धुऊन वाळवा. त्याचा कीस पेट घेतो आणि पाणी मारल्यावर आणखी भडकतो. कोरडी वाळू जवळ ठेवा.

पोलाद: अडकलेल्या स्क्रूला पेनिट्रेटिंग तेल आणि सबुरी. रोज दोन थेंब, आठवडाभर. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस हवा. ढिला असला की खाच गेली. मुलामा असलेल्या वस्तू लिंबू-व्हिनेगरात बुडवू नका, मुलामा विरघळतो.

बॅकेलाइट: ओलसर फडकं, मग मेण. पर्स्पेक्सची (पारदर्शक प्लॅस्टिकची) काच किंवा कॅनोपी: फक्त साबणपाणी. थिनर किंवा पेट्रोलचा वास जरी लागला तरी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या परत मिटत नाहीत. टायगर मॉथसारख्या विमानाच्या कापडावरचं जुनं डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) प्रचंड ज्वालाग्राही असतं. त्याच्याजवळ उदबत्तीसुद्धा नको.

रंगवू की तसाच ठेवू?

मूळ रंग साठ टक्के उरला असेल तरी तसाच ठेवा. चाळीस टक्के उरला असेल तरी तसाच ठेवा. पूर्ण गेला असेल आणि भाग एखाद्या कॉकपिटच्या प्रतिकृतीत बसवायचा असेल, तर रंगवा. पण एक कोपरा मूळ अवस्थेत सोडा, नंबरांवर रंग चढवू नका आणि नवा रंग कधी, कोणता दिला ते मागे लिहा. तुमच्या हातची नवी पट्टी किंवा नवा स्क्रू पुढच्या माणसाला नवा म्हणून ओळखता आला पाहिजे. त्यासाठी आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवणं पुरतं.

दुरुस्त केलेला भाग उडत्या विमानात वापरता येईल का?

नाही. कागदपत्रांची अखंड साखळी आणि अधिकृत तपासणी असल्याशिवाय कुठलाही भाग उडण्यालायक ठरत नाही. भेग डोळ्यांना दिसत नाही.

खोटे भाग कसे ओळखायचे?

सर्वात जास्त खोटेपणा प्लेटमध्ये होतो, कारण ती बनवायला सोपी आणि तिच्यावर किंमत ठरते. प्लेटचे रिबिट बघा: जुन्या प्लेटला नवे चकचकीत पॉप रिबिट का? प्लेट उन्हाने फिकी झाली आहे, पण तिच्या कडेने खालच्या रंगावर सावली नाही, असं का? खऱ्या शिक्क्याने ठोकलेला आकडा थोडा वाकडातिकडा, कमीजास्त खोल असतो. मशिनने कोरलेला एकसारखा. आट्यांची चाचणी इथेही कामाला येते. १९४२ चं ब्रिटिश मीटर म्हणून विकलेल्या वस्तूत मेट्रिक स्क्रू निघाले तर कुणीतरी कधीतरी आत हात घातला आहे, एवढं नक्की.

असे भाग बाळगणं कायदेशीर आहे का?

लिलावातून किंवा भंगाराच्या रीतसर व्यवहारातून आलेली, पावती असलेली निरुपद्रवी वस्तू बाळगायला सहसा अडचण येत नाही. पावती नसेल तर घेऊ नका, वस्तू कितीही देखणी असो. बंदुका, तोफा, त्यांचे चालू भाग आणि काडतुसं यांना शस्त्र आणि स्फोटक कायदे लागू होतात. परवान्याशिवाय हात लावू नका. सध्या सेवेत असलेल्या विमानाचा भाग कुणी गुपचूप देऊ करत असेल तर तो चोरीचाच असण्याची शक्यता मोठी. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने तिथे कोसळलेलं प्रत्येक लष्करी विमान संरक्षित आहे आणि परवान्याशिवाय उकरता येत नाही. तिकडून ऑनलाइन "क्रॅश साइट रेलिक" घेताना तो परवाना मागा.

ट्रेकला अवशेष दिसले. एक छोटा तुकडा आणला तर?

आणू नका. ईशान्येच्या डोंगरांत "हंप" या दुसऱ्या महायुद्धातल्या, हिमालय ओलांडून चीनला जाणाऱ्या हवाई मार्गावर कोसळलेल्या अमेरिकन विमानांचे अवशेष अजून पडून आहेत आणि त्यांतल्या बेपत्ता सैनिकांचा शोध अजून चालू आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी आपल्या हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमाचलच्या पर्वतांत नाहीसं झालं. २००३ मध्ये गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, आणखी चार जवानांचे देह घरी पोचले. अशा ठिकाणी पडलेली नंबरची एक पट्टी कुणाच्या तरी घरच्यांसाठी शेवटचा पुरावा असते. फोटो काढा, जीपीएसवर जागा नोंदवा, जवळच्या पोलीस ठाण्याला आणि हवाई दलाच्या तळाला कळवा. तुकडा तिथेच राहू द्या.

पावसाळ्यात काय करू? मी कोकणात राहतो.

प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड, हवा खेळणारं शेल्फ, भिंतीपासून चार बोटं अंतर. झाकणाच्या डब्यात ठेवायचंच असेल तर सिलिका जेल टाका आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ठेवू नका. खाऱ्या हवेत महिन्यातून एकदा हात फिरवून बघा. पांढरा ठिपका बोटाला आधी लागतो, डोळ्यांना नंतर दिसतो.

तुलनेसाठी खरी विमानं जवळ कुठे पाहायला मिळतील?

गोव्यात दाबोळीजवळचं नौदलाचं हवाई संग्रहालय चुकवू नका. सी हॉक, अलिझे, फायरफ्लाय, शॉर्ट सीलँड अशी दुर्मीळ विमानं तिथे आहेत. पुण्यात घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-२३ आहे, मुंबईत नेहरू विज्ञान केंद्रात एचएएलचं मरुत हे लढाऊ विमान. दिल्लीला पालमच्या संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट आणि लिबरेटर आहेत. जाताना वही न्या आणि चाकाची खोबण, झाकणांच्या कडा, रिबिटांची ओळ यांचे जवळून फोटो काढा. संपूर्ण विमानाचा फोटो सगळ्यांकडे असतो; झाकणाच्या बिजागरीचा कुणाकडेच नसतो, आणि ओळख पटते ती बिजागरीवरून. जिथे फोटोला बंदी आहे तिथे काढू नका. रेखाटन चालेल का ते विचारा.

वडिलांचा संग्रह आहे. आम्हाला त्यातलं कळत नाही. काय करावं?

एकेक वस्तू विकू नका. वडील हवाई दलात किंवा एचएएलमध्ये असतील तर त्यांची वही, ओळखपत्र, जुने फोटो आणि वस्तू यांची एकत्र यादी करा. वडील हयात असतील तर आजच मोबाइल समोर ठेवून प्रत्येक वस्तूबद्दल त्यांच्याकडून दोन वाक्यं वदवून घ्या: ही कुठून आली, कशासाठी वापरायचो. मग संग्रहालयाला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला यादी आणि फोटो पाठवून विचारा. देताना लेखी पोच घ्या, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत वस्तूंबरोबर द्या.